उष्ट्याची वंशावळ

सकाळी साडेसातला प्रमोदिनी चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिचे बाबा ओट्यापाशी उभे राहून पेरू कापत होते. पेरू एका बाजूनं खाल्लेला होता. कुणी खाल्लेला, हे तिला त्या खड्ड्याच्या कडेला उमटलेल्या बारीक दातांवरून दारातूनच कळलं. बाबांनी सुरीच्या टोकानं तेवढा भाग गोल कोरून काढला, खालच्या बादलीत टाकला, सुरी नळाखाली धुतली, पुसली, मग उरलेल्या पेरूच्या चार फोडी केल्या, वरून मीठ भुरभुरवलं आणि एक फोड तोंडात टाकली. हे सगळं इतक्या स्वच्छपणे चाललं होतं की बघत राहावं. धर्मपाल रामटेके या माणसाला कुठलीही गोष्ट अस्वच्छपणे करताच येत नसे. रेल्वेच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं ग्रीसमध्ये हात घालूनही ते घरी यायचे ते नखं पांढरी करूनच.

“बाबा, काय खाऊन राहिले तुम्ही?”

“पेरू. काहून?”

“वटवाघळानं खाल्लेला आहे तो.”

“तेवढं काढून टाकलं ना. बाकी चांगला आहे. घे, गोड निघाला.”

त्यांनी ताटली पुढं केली. प्रमोदिनी कशीबशी बेसिनपर्यंत पोचली आणि रिकाम्या पोटातलं आंबट पाणी तिनं ओकून टाकलं. मागं बाबा विचारत होते, “काल बाहेरचं काही खाल्लं होतं का?” आणि त्यांच्या दातांखाली पेरूच्या बिया कचकच वाजत होत्या.

“रोज खाता हे?” तोंड पुसत तिनं विचारलं.

“रोज कुठं? परसातल्या झाडाखाली पडलेले सापडले तर. सप्टेंबरपासून पडूनच राहिले. चांगलं फळ फेकायचं का?”

सप्टेंबरपासून. ती नळ सोडून उभी राहिली. पाणी वाहत होतं आणि तिला ते बंद करायचं सुचेना. गेला महिनाभर ती वटवाघळाच्या लाळेखेरीज दुसरा विचार करत नव्हती. शहरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत विषाणूंचं काम करणारी ती. भनपुरीच्या बाजूला ऑक्टोबरात ताप सुरू झाला, सोळा माणसं पडली, चार मेली, डेंग्यू नाही, मलेरिया नाही, मेंदूला सूज येऊन माणूस बरळायला लागतो, हे सगळं झाल्यावर नमुने तिच्या टेबलावर आले होते. विषाणू नवा निघाला. पेपरवाल्यांनी त्याचं बारसंही परस्पर उरकून टाकलं, ‘सुअर बुखार’, कारण त्याच सुमाराला रेल्वेलाइनच्या पलीकडच्या पाऱ्यातली, म्हणजे झोपड्यांच्या वस्तीतली, डुकरं धापा टाकायला लागली होती. प्रमोदिनीकडं काम होतं ते त्याचं मूळ शोधायचं. हा कुणाच्या पोटातून आला, कुणाच्या तोंडून कुणाच्या तोंडात गेला. तिनं स्वतः मास्क आणि हातमोजे घालून मोठ्या झाडांखाली प्लॅस्टिकच्या चादरी अंथरल्या होत्या आणि वटवाघळांची लेंडकं, मूत, थुंकलेले चोथे गोळा केले होते. फळ खाणारं वटवाघूळ फळ गिळत नाही. ते चावतं, रस शोषतं आणि चोथ्याची ओली गोळी थुंकून देतं. अशा शेकडो गोळ्या तिनं चिमट्यानं उचलल्या होत्या. घरी येऊन ती दोनदा अंघोळ करायची, मग जेवायला बसायची, आणि बाबा ताटात लिंबाच्या फोडीशेजारी पेरूची एक फोड ठेवायचे.

मागच्या फाटकाची कडी वाजली. सेवती आली होती. सेवती त्याच पाऱ्यातली. तिची अकरा डुकरं होती आणि सात-आठ वर्षांपासून ती गल्लीतल्या घरांची खरकटी बादली रोज घेऊन जायची. बाबा तिच्याशी कधी वाईट बोलले नाहीत. ते बादली फाटकाच्या आत ठेवायचे, चार पावलं मागं सरकायचे, आणि मग म्हणायचे, “घे बाई.” प्रमोदिनी तर श्वास रोखायची. सेवती वळून दिसेनाशी होईपर्यंत छातीत हवा घ्यायची नाही, ही सवय तिला इतकी अंगवळणी पडली होती की आपण असं करतो हेही तिच्या ध्यानात उरलं नव्हतं. आज ओकून दम लागल्यामुळं तिला श्वास घ्यावाच लागला, आणि सेवतीचा वास आला. आंबलेली पेज, धूर, डुकराच्या अंगाचा ऊबट वास, आणि त्यात कुठंतरी खोबरेल तेल. रोजच्यासारखीच शिसारी आली. पण सेवतीच्या हातात बादली होती, आणि बादलीत सगळ्यात वर तो कोरून काढलेला, दातांच्या खुणांचा तुकडा होता.

“दीदी,” सेवती म्हणाली, “काली मोर सुवर मन ला मारे बर आहीं का?”

उद्या डुकरं मारायला येणार का, असं ती विचारत होती. प्रमोदिनीला उत्तर माहीत होतं. आज पाच वाजेपर्यंत तिच्या सहीचा अहवाल जायचा होता. तो गेला की उद्या दहाला पालिकेचं पथक पाऱ्यात शिरणार, एकशे चाळीस डुकरं मारून चुन्यात पुरणार आणि बावीस झोपड्या रिकाम्या करणार. वरच्या लोकांना पारा उठवायचाच होता. निमित्त तेवढं प्रयोगशाळेकडून हवं होतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“ओमन तो अब बने खावत हें,” सेवती म्हणाली. आता बरी आहेत ती, नीट खातायत. मग ती बादली डोक्यावर घेऊन गेली.

प्रयोगशाळेत जाताना स्कूटरवर तिला आजोबांची आठवण येत राहिली. त्यांना तिनं पाहिलेलं नव्हतं. गुलाबराव भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मेलेली ढोरं ओढायचे. ते काम त्यांच्या वाट्याला आलेलं होतं, तसंच त्या ढोराचं मांस आणि गावाच्या ताटातलं उरलंसुरलं. छपन्न साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्या दिवसापासून त्यांनी दोरीला हात लावला नाही. गावात बैल मेला तो तसाच पडून राहिला, फुगला, फुटला, आणि गावानं नाकाला पदर लावून शिव्या घातल्या. मग गावानं काम देणं बंद केलं, आणि घरात खायला काही उरलं नाही. बाबा पुढच्या वर्षी जन्मले. त्यांच्या नावात धर्म आला आणि त्यांच्या पोटात कित्येक वर्षं काही आलं नाही. रानात बोरं, उंबरं, चिंचा वेचत ते मोठे झाले, पोपटानं कुरतडलेली, खारीनं अर्धी टाकलेली. आजोबांनी तेव्हा घरात एक नेम घालून दिला होता, आणि तो बाबांनी प्रमोदिनीला पहिलीत असताना डबा भरता भरता सांगितला होता. माणसाचं उष्टं खायचं नाही, मरून गेलं तरी. पाखराचं चालते. पाखरू आपल्याला हलकं समजत नाही. केवढा अभिमान होता त्या सांगण्यात! शाळेत वर्गातल्या शर्मिष्ठानं अर्धा खाऊन दिलेला समोसा तिनं नाकारला होता, तेव्हा घरी येऊन तिनं ते पराक्रमासारखं सांगितलं आणि बाबांनी तिला गोल बाजारातून रिबिनी आणून दिल्या होत्या. वटवाघूळ हे पाखरू नव्हे, एवढं एकच आजोबांना माहीत नव्हतं. आणि ते त्यांना सांगणार तरी कोण होतं?

शेखर सर आधीच तिच्या खुर्चीत बसले होते. प्रयोगशाळेचे प्रमुख, चौबे कॉलनीतलं घर, सकाळची पूजा, गालात सुपारी. बोलताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात लालसर ओल जमायची आणि ती आता गळणार, आता गळणार असं वाटत राहायचं. गळायची मात्र कधी नाही, ते ऐन वेळी ती आत ओढून घ्यायचे. प्रमोदिनीला त्या आत ओढण्याच्या आवाजाची अकरा वर्षं किळस होती. पडद्यावर त्यांनी वंशावळ उघडून ठेवली होती. आडवं पडलेलं झाड, डावीकडं मूळ, उजवीकडं फांद्यांची टोकं, एकेका टोकाला एकेक नमुना.

“ट्री साफ़ बोल रहा है, मैडम,” त्यांनी बोट काचेवर टेकवलं, डाग उठला. “पहले सुअर, फिर आदमी. अब उसमें सोचना क्या है? ऐसे लोग हैं, सुअर के साथ सोते हैं, खाते हैं. होना ही था.”

ऐसे लोग. हा शब्द किती सहज बाहेर येतो! तोंडात धरून ठेवलेल्या सुपारीसारखा, चघळून मऊ झालेला. कँटीनमध्ये पिंकी नावाची एक ट्रेनी मुलगी तिच्या डब्यातलं खायची नाही. ‘मेरा आज उपवास है दीदी’ म्हणायची, आठवड्यातून पाच दिवस. प्रमोदिनीनं ते कधी मनावर घेतलं नाही असं ती स्वतःला सांगायची. आणि आता शेखर सर ‘ऐसे लोग’ म्हणाले तेव्हा तिच्या मनात आधी आलं ते हे, की आपण त्यांच्यातले नाही. बाबांनी, आजोबांनी तीन पिढ्या घासून घासून ते काढून टाकलंय. आपण त्यांच्यातले नाही, असं मनात येताच तिला स्वतःची घाण वाटली, आणि तरीही ते मनातून गेलं नाही.

“संध्याकाळपर्यंत देते, सर,” ती म्हणाली. ते खुर्चीतून उठले. खुर्ची कोमट होती, म्हणून ती उभीच राहिली.

झाड खोटं नव्हतं. झाड कधी खोटं नसतंच, त्याला जे खायला घालाल त्याचंच ते होतं. या विषाणूच्या अंगात अठरा हजार जनुकीय अक्षरं होती आणि एकातून दुसऱ्यात जाताना तो ती उतरवून घ्यायचा, आळशी कारकुनासारखी, महिन्याला दोन-तीन चुका करत. चुका मोजल्या की कोण बाप, कोण लेक, ते कळतं. चुका नसलेला तो जुना, चुकांवर चुका असलेला नवा. पण मूळ कुठल्या टोकाला, हे ठरवायला बाहेरचा कुणी नातेवाईक लागतो, आणि चादरीवर सापडलेला वटवाघळाचा विषाणू सतराशे ठिकाणी वेगळा होता. तो लांबचा चुलत, त्याच्यावरून कुळ कळत होतं, घर कळत नव्हतं. मग उरल्या तारखा. कुठला नमुना आधीचा, कुठला नंतरचा, हे यंत्राला सांगितलं की ते मूळ स्वतः शोधतं. यंत्राला सांगितलं होतं की डुकरांचे नमुने अठ्ठावीस ऑक्टोबरचे आणि माणसांचे सहा नोव्हेंबरचे. यंत्रानं मान डोलावली होती.

नमुना क्रमांक अकरा मात्र अठरा नोव्हेंबरचा होता. पुरुष, वय अडुसष्ट, भनपुरी. याहून जास्त काही त्याच्यापुढं लिहिलेलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. तो बाबांचा होता. ऑक्टोबरात त्यांना सहा दिवस ताप होता. तिनं घरीच रक्त काढलं, डेंग्यू तपासला, आला नाही, उरलेली नळी फ्रीझरच्या कोपऱ्यात ठेवून दिली. बाबा बरे झाले. महिन्याभरानं नवा विषाणू सापडला तेव्हा तिनं ती नळी काढून गुपचूप तपासली, आणि होता. त्या दुपारी तिनं सेवतीला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या होत्या. हिच्या डुकरांनी माझ्या बापाला मारलं असतं. त्या दिवसापासून बादली उचलून झाल्यावर ती फाटकाच्या कडीवर स्पिरिट शिंपडायची.

ती फ्रीझरपाशी गेली. खोके बाहेर काढले. नळ्यांवर हिमाचा पांढरा चुरा होता, तो तिनं अंगठ्यानं पुसला. प्रत्येक नळीवर हॉस्पिटलच्या नर्सनं पेन्सिलीनं लिहिलेली तारीख होती, चौदा दहा, पंधरा दहा, सतरा दहा. रक्त काढल्याची तारीख. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, गाडी मिळाली नाही, खोके तिकडच्या फ्रीजमध्ये पडून राहिले आणि इथं पोचले सहा नोव्हेंबरला. जनावरांचा दवाखाना याच आवारात असल्यामुळं डुकरांचे नमुने मात्र काढले त्याच दिवशी दारात.

“लोकेश,” तिनं संगणकावर नोंदी करणाऱ्या मुलाला हाक मारली. मुलगा म्हणजे तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. “यादीत तारखा कुठल्या घातल्यास तू?”

“आवक वाली, दीदी.”

“नळीवर लिहिलेली नाही?”

“नळीवाली कोण बघतो? आवक रजिस्टर में जो है, वही डालते हैं ना, हमेशा से.” त्यानं घाबरून तिच्याकडं पाहिलं. “आपने ही तो चेक किया था.”

केलं होतं. सरकारी कार्यालयात वस्तू जन्माला येते ती तिच्यावर आवकचा शिक्का पडतो तेव्हा. त्याआधी ती नसते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तिलाही नाही, ते इथल्या हवेतच होतं. आणि अकरा नंबरची आवक तारीख तर तिनं स्वतःच्या हातानं लिहिली होती, घाईघाईत, कुणी बघू नये म्हणून. तिनं यादी उघडली आणि एकेक तारीख बदलत गेली. अकरा नंबरपाशी थांबली. मग नऊ ऑक्टोबर लिहिलं आणि यंत्र चालू केलं.

तीन तास लागणार होते. ती खिडकीपाशी उभी राहिली. समोरच्या झाडावर वटवाघळं लटकली होती, अंग आवळून, मधूनच एखादं पंख उघडून स्वतःच्याच अंगावर मुतत होतं आणि तो ओलावा जिभेनं पसरत होतं. किती दिवस ती हे शास्त्रीय नजरेनं बघत आली होती, आणि आज ती नजर कुठंतरी गळून पडली. सगळं कुणाचं तरी उष्टंच आहे, असं तिला वाटत राहिलं. वटवाघळाच्या तोंडातून पेरूत, पेरूतून बाबांत, बाबांतून तिच्या ताटात. लाखो वर्षं हे असंच तोंडातून तोंडात चाललंय आणि त्याला आपण उत्क्रांती असं धुतलेलं नाव दिलंय. तिच्या स्वतःच्या पेशींत जुन्या विषाणूंचे तुकडे होते, हे ती विद्यार्थ्यांना उत्साहानं शिकवायची. आता तिला ते तुकडे आतून चिकट लागले. जीभ टाळूला लावून बसणं तिला नको झालं. स्वतःची थुंकी गिळावी लागते, दर मिनिटाला, जन्मभर, याचा तिनं कधी विचार केला नव्हता.

अडीचला झाड आलं. तिनं ते लगेच उघडलं नाही. हात धुऊन आली. मूळ सरकलं होतं. डुकरांची सगळी फांदी उचलून माणसांच्या पोटात गेली होती, नंतरची, कोवळी. आणि सगळ्यांच्या डावीकडं, मुळाला लागून, एकच टोक होतं. अकरा. तिनं अक्षरं पुन्हा डोळ्यांनी ताडून पाहिली. बाकी सगळ्यांत जे दोन बदल होते ते डुकरांतही होते, आणि अकरामध्ये त्यांतला एकही नव्हता. बाबा डुकरांमुळं आजारी पडले नव्हते. आजारात बाबांनी अर्धवट टाकलेली पेज, खिचडी, चावून ठेवलेल्या पोळ्या सहा दिवस बादलीतून गेल्या होत्या. आणि भैय्यालालकाका. समोरच्या घरातले, वर्कशॉपातले बाबांचे जोडीदार, संध्याकाळी ओसरीवर एकाच ताटलीत तिखटमीठ लावून दोघं पेरू खायचे. ते गेलेल्या चौघांतले पहिले.

तिनं अहवाल बदलला, पण पाठवला नाही. घरी आली तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत सदऱ्याला इस्त्री करत होते. तिनं उभ्यानंच सांगितलं, सगळं, जितकं सोपं करून सांगता येईल तितकं. मध्ये त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

“म्हणजे भैय्यालालले माझ्यापासून झालं,” ते म्हणाले.

“तुम्हाले काय मालूम होतं, बाबा?”

“मालूम असण्याचं नाही विचारून राहिलो मी. झालं ना?”

“हाओ.”

“आन् सेवतीच्या डुकराइले?”

“आपल्या बादलीतून.”

त्यांनी सदऱ्याची कॉलर बोटांनी सपाट केली. तिला वाटलं ते रडतील, आणि ते रडले तर आपण काय करायचं याची तिला भीती वाटली. पण त्यांचं तोंड वाकडं झालं ते रडण्यानं नाही. त्यांना किळस आली होती. आपल्या हातांची, आपल्या तोंडाची. ती मागं सरली.

“हे लिहिलं तर काय होईल तुले मालूम आहे ना?” जे ती म्हणाली असती, ते त्यांनीच म्हटलं. “म्हणतील, याइचंच काम. मेलेलं खाणारे, उष्टं खाणारे. बुद्ध झाले तरी काय झालं. तुझ्या हापिसात तुझ्या मागं म्हणतील. गल्लीत तोंडावर म्हणतील.”

“तुमचं नाव नाही टाकत. नुसतं वय टाकते.”

“अडुसष्ट वर्साचे भनपुरीत असे किती आहेत? दोन दिवसांत काढतील.” मग त्यांनी विचारलं, “नाही लिहिलं तर?”

“उद्या दहाले पारा उठवतील.”

त्यांनी ‘नको लिहू’ म्हणावं, अशी तिची मनापासून इच्छा होती. मग ती त्यांच्यावर चिडली असती, भांडली असती, आणि शेवटी त्यांच्यासाठी म्हणून सही केली असती. सगळं त्यांच्या अंगावर टाकून मोकळी झाली असती. बापाकडून एवढंच हवं होतं तिला त्या क्षणी, इतकी ती खाली उतरली होती. बाबांनी इस्त्री उचलली, उलटी करून बोटानं तापलीय का बघितलं.

“मले काय विचारते?” ते म्हणाले. “शिकवलं कशासाठी तुले?”

चार पन्नासला तिनं अहवाल पाठवला. तारखा कशा चुकल्या ते लिहिलं, चूक तपासणाऱ्याची म्हणजे आपली, असं लिहिलं. नमुना अकरा आपल्या वडिलांचा, तो आपण न कळवता यादीत घातला, हेही लिहिलं. लपवून ठेवलं तर उद्या कुणी तेवढंच धरून बाकीचं खोटं ठरवलं असतं. पाच मिनिटांत शेखर सरांचा फोन आला. आधी ते तारखांवर बोलले, मग लोकेशवर, मग वरच्या लोकांना काय तोंड दाखवायचं यावर. मग एकदम थांबले. ओठांतली ओल आत ओढल्याचा आवाज फोनमधूनही आला.

“आपके फादर? अक्टूबर में?” ते म्हणाले. “और आप रोज़ लैब आती रहीं. हम लोग एक ही केतली की चाय पीते रहे, मैडम!”

“मला झालेलं नाही, सर. मी तपासलंय.”

“वो ठीक है. लेकिन बताना तो था.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. तिथं दुसरंच काहीतरी होतं, आणि ते ओळखायला तिला क्षणभरही लागला नाही. ते तिच्या घरातलंच होतं, रोज सकाळी फाटकापाशी श्वास धरून उभं राहणारं.

दुसऱ्या दिवशी पथक पाऱ्यात गेलं नाही. सव्वादहाला ते त्यांच्या गल्लीत आलं. दोन गाड्या, पांढरे झगे, काचेचे चष्मे, पाठीवर फवारणीचा पंप लावलेला एक दणकट माणूस आणि हातात कागद धरलेली एक तरुण डॉक्टरीण. गच्च्यांवर माणसं जमली. भैय्यालालकाकांच्या घराची खिडकी अर्धी उघडली आणि तशीच राहिली. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, भांग पाडला होता. प्रमोदिनीनं त्यांना आत थांबायला सांगितलं होतं. ते थांबले नाहीत. ते पुढच्या फाटकापाशी गेले, फाटकावर हात ठेवून उभे राहिले आणि विचारण्याआधीच म्हणाले, “धर्मपाल गुलाबराव रामटेके. रिटायर्ड फिटर. लिहून घ्या.”

डॉक्टरीण दोन पावलं मागं सरकली. चष्म्याआडून तिचे डोळे दिसत होते. पोरगी सभ्य होती, डोळ्यांतली शिसारी लपवायचा प्रयत्न करत होती. झाडाखालची माती, पेरू, सांडपाणी, सगळ्याचे नमुने घ्यायचे आहेत, पेरूचं झाड तोडावं लागेल, असं तिनं नम्रपणे सांगितलं. बाबा हाओ, हाओ म्हणत गेले. मग फवारणीवाला पुढं आला. त्यानं फाटकाच्या डाव्या खांबापासून सुरुवात केली. ब्लीचिंगचा उग्र भपकारा सुटला, लोखंडावरून पांढरं पाणी ओघळायला लागलं, आणि पंपाची नळी सरकत सरकत बाबांच्या हातापाशी येऊन थांबली.

“अंकल, हाथ हटाइए.”

बाबांनी हात हलवला नाही. त्यांनी त्या माणसाकडं पाहिलंही नाही, ते समोर बघत होते. नळीच्या तोंडातून थेंब गळत होते. बाबांना होऊन दोन महिने होत आले होते, त्यांच्या हातावर आता काही नव्हतं, फाटकावर काही नव्हतं, ही फवारणी निव्वळ दाखवायची होती. हे त्या सगळ्या माणसांत फक्त प्रमोदिनीला पक्कं माहीत होतं. ते मोठ्यानं सांगायला तिनं तोंड उघडलं.

“बाबा,” ती म्हणाली, “हात काढा.”

बाबांनी लगेच हात काढला. वळून तिच्याकडं पाहिलं. फवारणीवाल्यानं ती जागा दोनदा फवारली आणि पुढं गेला. बाबांचा हात तसाच हवेत राहिला होता. तो सदऱ्याला लावावा, खिशात घालावा की कुठं ठेवावा, हे त्यांना कळत नव्हतं.